खुब्याचा सांधा : एका न दडवलेल्या अपयशाची कहाणी

लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. दोऱ्याला धातूचा लहान गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि सूत्रात किमती घालून गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर पुस्तकात छापलेलेच असते : ९.८. एका वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थ्याने ९.४ हे उत्तर लिहून आपले जर्नल माझ्यापुढे ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे उत्तर होते ९.८०, अगदी दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत बिनचूक. मी पहिल्याला दहापैकी पाच गुण दिले आणि दुसऱ्याला नऊ.

पुढच्या आठवड्यात पहिला मुलगा पुन्हा आला. "सर, माझी चूक कुठे झाली ते मला कळले पाहिजे," म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून त्याची सगळी निरीक्षणे तपासली. वेळ बरोबर मोजलेला होता. चूक सापडली ती लांबीत. त्याने दोरा गोळ्याच्या आकड्यापर्यंतच मोजला होता, आणि लंबकाची लांबी तर गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. मधले दोन सेंटिमीटर सुटले होते. ५२ च्या जागी ५० धरले की ९.८ चे बरोबर ९.४ होतात. मग मी सहज शेजारच्या मुलाचे जर्नल उघडले. त्यानेही दोरा आकड्यापर्यंतच मोजला होता! म्हणजे त्याचे उत्तर ९.८० येणे शक्यच नव्हते. पेन्सिलीने लिहिलेले वेळेचे आकडे खोडून पुन्हा लिहिल्याच्या खुणा कागदावर दिसत होत्या. उत्तर आधी आणि निरीक्षणे नंतर, असा तो प्रकार होता. मी गुण उलटे दिले होते.

माझ्या वर्गात त्या चुकीने कोणाचे फारसे बिघडले नाही. पण शास्त्रज्ञ आपले संशोधन ज्या नियतकालिकांत छापतात त्यांनाही 'जर्नल' असेच म्हणतात. ते संशोधन माणसाच्या हाडांविषयी असेल, तर जर्नलात काय लिहिले आणि काय खोडले यावर कुणाचे तरी चालणे-फिरणे अवलंबून असते. आज आपण अशाच एका संशोधनाची गोष्ट पाहणार आहोत. तिच्यात वैद्यकाइतकेच भौतिकशास्त्रही आहे.

उखळ आणि गोळा

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोलगट जागेत बसते. हाच खुब्याचा सांधा. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्याला उखळीचा सांधा म्हणून ओळखता. गोळा आणि वाटी या दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये थोडासा चिकट द्रव असतो.

या सांध्यावर किती भार येतो याची आपल्याला कल्पना नसते. चालताना आपण एका पायावर येतो तेव्हा शरीर तोलून धरण्यासाठी खुब्याभोवतीचे स्नायू जोराने आवळले जातात. त्यामुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. ६० किलोग्रॅमच्या माणसाच्या बाबतीत हा भार सुमारे १५०० न्यूटन होतो. अशी पावले आपण एका पायाने वर्षाला दहा लाखांच्या आसपास टाकतो. कोणत्याही यंत्राच्या बेअरिंगला हेवा वाटावा असे हे काम आहे.

म्हातारपणी किंवा संधिवातासारख्या आजारात ही कूर्चा झिजते, आणि हाडावर हाड घासू लागते. दर पावलाला कळ येते. माणूस आधी काठी धरतो, मग खुर्ची धरतो आणि शेवटी अंथरूण. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णासाठी डॉक्टरांना फार थोडे करता येत असे.

कुरकुरणारा सांधा

फ्रान्समध्ये ज्यूदे बंधूंनी १९४६ साली एक उपाय काढला. झिजलेला गोळा कापून त्या जागी अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचा गोळा बसवायचा. सुरुवातीला रुग्णांना बरे वाटे, पण काही काळाने सांधे ढिले होत. इंग्लंडमधील मँचेस्टर भागात काम करणारे अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांच्याकडे असा एक रुग्ण आला. त्याचा सांधा हालचालीबरोबर मोठ्याने कुरकुरत असे. जेवणाच्या टेबलावर तो पुढे वाकला की असा आवाज येई की त्याची बायको खोलीतून उठून जाई. असे चार्नली स्वतः सांगत.

दुसऱ्या कुणी हा प्रसंग हसण्यावारी नेला असता. चार्नली विचार करू लागले. न तेलवलेली बिजागरी कुरकुरते, फळ्यावर खडू किंचाळतो, ते का? दोन पृष्ठभाग सलग न घसरता अडकत-सुटत सरकतात म्हणून. आवाज येतो आहे, त्याअर्थी घर्षण जास्त आहे. घर्षण जास्त आहे, त्याअर्थी दर पावलाला तो नवा गोळा हाडातील आपली बैठक हलवतो आहे. सांधा ढिला का होतो, याचे उत्तर त्या कुरकुरीत होते.

भौतिकशास्त्र कामाला लागते

चार्नली यांनी निसर्गाच्या सांध्याचे घर्षण मोजायला घेतले. निरोगी सांध्याचा घर्षणांक शंभरांश किंवा त्याच्या आसपास, म्हणजे बर्फावरून सरकणाऱ्या लोखंडी पट्टीच्या घर्षणांकाहूनही कमी निघाला. कृत्रिम सांध्याला नैसर्गिक वंगणाचा उपयोग होणार नाही, असे त्यांचे मत झाले. तेव्हा मुळातच निसरडा पदार्थ हवा. असा पदार्थ हाताशी होता : टेफ्लॉन. आज तव्याला अन्न चिकटू नये म्हणून ज्याचा लेप देतात, तोच.

दुसरी कल्पना त्याहूनही सुंदर होती. तुम्ही शिकला आहात की घर्षणबल भारावर आणि घर्षणांकावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. पण सांध्यात प्रश्न नुसत्या बलाचा नसतो, पिळण्याचा असतो. पीळ, म्हणजेच परिबल, हा बल आणि त्रिज्या यांचा गुणाकार. भार १५०० न्यूटन आणि घर्षणांक ०.०५ धरला तर घर्षणबल ७५ न्यूटन येते. गोळ्याचा व्यास ४२ मिलिमीटर असेल तर त्रिज्या २१ मिलिमीटर, आणि पीळ सुमारे १.६ न्यूटन-मीटर. तोच व्यास २२ मिलिमीटरवर आणला की पीळ निम्म्यावर, सुमारे ०.८ न्यूटन-मीटरवर येतो. म्हणून चार्नली यांनी गोळा लहान करत करत २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे एका इंचाच्या सात-अष्टमांशावर आणला.

सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी त्यांनी कवळी बनवण्यासाठी वापरतात त्या जातीचे अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतले. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही. गवंडी दगडांमधल्या फटीत चुना भरतो तसे ते हाडाच्या खाचाखोचांत भरून घट्ट होते आणि भार सगळीकडे सारखा वाटते.

धातूचा लहान गोळा, टेफ्लॉनची वाटी आणि मध्ये सिमेंट. १९६१ साली 'द लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात चार्नली यांनी ही नवी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. वर्षानुवर्षे खिळून पडलेली माणसे काही आठवड्यांत चालू लागत होती. रुग्ण आशीर्वाद देत होते. इंग्लंडमध्ये विगन गावाजवळच्या रायटिंग्टन रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली.

आणि मग झीज सुरू झाली

दोन-तीन वर्षे गेली. बरे झालेले रुग्ण पुन्हा लंगडत परत येऊ लागले. क्ष-किरणांच्या चित्रांत दिसले की धातूचा गोळा टेफ्लॉनची वाटी पोखरत वर सरकतो आहे. झिजलेल्या टेफ्लॉनचे बारीक कण भोवतालच्या मांसात साठत होते. शरीर त्या कणांवर तुटून पडत होते, आणि त्या धुमश्चक्रीत शेजारचे हाडही खाल्ले जात होते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. घर्षण आणि झीज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. साबणाची वडी निसरडी असते, पण लवकर झिजते. टेफ्लॉन निवडताना सारा भर त्याच्या निसरडेपणावर होता. दहा लाख पावलांखाली तो किती टिकेल, हे माणसाच्या शरीरात काळ गेल्यावरच कळले. सुमारे ३०० रुग्णांच्या खुब्यांत तोवर टेफ्लॉन बसले होते. आजच्या नियमांनुसार इतक्या रुग्णांवर अशा रीतीने नवा पदार्थ वापरता आला नसता, हेही सांगितले पाहिजे.

आता चार्नली यांच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. नाव झाले आहे, लेख छापून आला आहे, इतर शल्यविशारद तुमच्याकडे शिकायला येत आहेत. आणि तुमची शस्त्रक्रिया एकामागून एक अपयशी ठरते आहे. पेन्सिलीने लिहिलेले आकडे खोडण्याचा मोह याच वेळी होतो. गप्प राहता येते. रुग्णाच्या वयाला, वजनाला, नशिबाला दोष देता येतो.

चार्नली यांनी रुग्णांना परत बोलावले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून ते सांधे काढण्याचे कष्टाचे काम अंगावर घेतले. काढलेली प्रत्येक वाटी त्यांच्या दृष्टीने एक निरीक्षण होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. टेफ्लॉनचे कण शरीराला खरोखरच अपायकारक आहेत का, हे नक्की करण्यासाठी त्यांनी टेफ्लॉनचे आणि एका नव्या प्लॅस्टिकचे नमुने स्वतःच्याच मांडीत त्वचेखाली घातले. सुमारे नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला स्पष्ट लागत होत्या. नव्या प्लॅस्टिकच्या जागी तसे काही जाणवत नव्हते. मित्रांनो, हा प्रयोग कौतुकाने ऐकावा, पण त्याचे अनुकरण कुणी करू नये. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर १९६३ मध्ये चार्नली यांनी टेफ्लॉनचा हा दोष छापून प्रसिद्ध केला, आणि तोही 'लॅन्सेट'मध्येच. ज्या पानांवर यश सांगितले, त्याच पानांवर अपयशही सांगितले. त्यामुळे टेफ्लॉनची वाटी बसवायला निघालेला दुसरा कुणीही शल्यविशारद वेळीच थांबू शकत होता.

क्रेव्हन यांचे यंत्र

ते नवे प्लॅस्टिक कोठून आले? रायटिंग्टनच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचे कुशल तंत्रज्ञ होते. झिजेची चाचणी घेणारे एक यंत्र त्यांनी उभे केले होते. भाराखाली धातूचा तुकडा प्लॅस्टिकवर रात्रंदिवस पुढेमागे घासायचा, हे त्या यंत्राचे काम. १९६२ साली एक विक्रेता तेथे आला. तो लँकेशायरमधील कापडगिरण्यांच्या मागांसाठी प्लॅस्टिकची दंतचक्रे विकत असे. त्याच्याजवळ जर्मनीत तयार झालेल्या, फार लांब रेणू असलेल्या पॉलिएथिलीनचा नमुना होता. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि हे काही उपयोगाचे नाही असे समजून ते निघून गेले.

क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा यंत्रावर चढवला. चार्नली परगावी परिषदेला गेले होते, यंत्र चालूच होते. ते परत आले तेव्हा क्रेव्हन यांनी त्यांना मोजमाप दाखवले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजले असते, तितकेही हे प्लॅस्टिक तीन आठवड्यांत झिजले नव्हते. त्याचा घर्षणांक टेफ्लॉनपेक्षा जास्त होता खरा, पण गोळा लहान असल्यामुळे पीळ आटोक्यात राहणार होता. एका शोधाने दुसऱ्याची उणीव भरून काढली. नामांकित शल्यविशारदाचे मत चुकीचे आणि तंत्रज्ञाचे यंत्र बरोबर ठरले. चार्नली यांनी ते मान्य केले आणि ही हकीगत ते स्वतः सांगत राहिले.

नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली.

थांबण्याची शिस्त

एकदा पोळलेले चार्नली या वेळी घाई करणार नव्हते. टेफ्लॉनही पहिले वर्षभर उत्तमच वाटले होते! म्हणून त्यांनी नव्या सांध्याची खुली विक्री होऊ दिली नाही. काही वर्षेपर्यंत लीड्समधील उत्पादकाने हा सांधा चार्नली यांनी संमती दिलेल्या शल्यविशारदांनाच विकावा, असे बंधन होते. दीर्घकालीन निष्कर्षांचा मोठा लेख त्यांनी छापला तो १९७२ साली, शस्त्रक्रियेला चार ते सात वर्षे उलटून गेलेल्या रुग्णांची तपासणी केल्यावर. आपल्या मृत्यूनंतर सांधा काढून तपासावा, अशी विनंती ते रुग्णांना करत आणि अनेकांनी ती आनंदाने मान्य केली. जिवंतपणी आपल्याला चालते करणाऱ्या विज्ञानाचे ऋण ती माणसे अशा रीतीने फेडत होती.

१९७७ साली चार्नली यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९८२ साली ते वारले. धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी ही जोडी, पुष्कळ सुधारणा होऊन, आजही सर्वत्र वापरली जाते. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक खुबे बदलले जातात.

गप्प राहण्याची किंमत

आता याच सांध्याची दुसरी गोष्ट ऐका. प्लॅस्टिकची झीज पूर्णपणे टाळावी, या विचाराने धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा बसवण्याची पद्धत पुन्हा पुढे आली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू या कंपनीने 'एएसआर' नावाचा असा सांधा २००३ पासून बाजारात आणला. त्याची वाटी उथळ होती. ती थोडी जरी तिरपी बसली तरी भार कडेवर येई, वंगणाचा पातळ पडदा फाटे आणि धातूवर धातू घासे. कोबाल्ट आणि क्रोमियम यांचे सूक्ष्म कण मांसात आणि रक्तात उतरत.

हे उघडकीस कसे आले? एखाद्या शल्यविशारदाने असे तीस सांधे बसवले आणि त्यांतले दोन बिघडले, तर तो म्हणेल, योगायोग असेल. छापखान्यातल्या चार चुका एकेका पानावर दिसत नाहीत, सारे पुस्तक तपासले की दिसतात, तसेच हे आहे. म्हणून स्वीडनने १९७५ साली गुडघ्यांसाठी आणि १९७९ साली खुब्यांसाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. देशात बसवलेला प्रत्येक सांधा आणि पुन्हा काढावा लागलेला प्रत्येक सांधा तिच्यात लिहायचा. ऑस्ट्रेलियाने १९९९ साली तशी नोंदवही सुरू केली, आणि तिच्यात २००७ पासूनच दिसू लागले की एएसआर सांधा इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतो आहे. डिसेंबर २००९ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून मागे घेण्यात आला. जगभरातून तो परत बोलावला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. ब्रिटनच्या नोंदवहीप्रमाणे पाच वर्षांत त्यातील सुमारे १२ ते १३ टक्के सांधे पुन्हा काढावे लागले होते. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात तो बसला होता.

२०१३ साली अमेरिकेत खटला उभा राहिला, तेव्हा आणखी एक कागद पुढे आला. कंपनीने २०११ मध्ये केलेल्या एका अंतर्गत विश्लेषणात पाच वर्षांत जवळजवळ ४० टक्के सांधे निकामी होतील असा अंदाज निघाला होता. तो प्रसिद्ध झालेला नव्हता. चार्नली यांचे १९६३ चे पान आणि हा न छापलेला कागद शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत विषय एकच आहे : माझा सांधा झिजतो आहे.

भारतातही अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने २०१७ साली तज्ज्ञांची समिती नेमली. तेव्हा असे आढळले की या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी हजाराच्या आसपास लोकांचाच माग लागतो आहे. बाकीचे कोठे आहेत, त्यांचे कसे चालले आहे, हे सांगणारी सक्तीची राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नव्हती. नोंद नसली की माणूसच हरवतो, तो असा.

फार सुबक आकडे

कधी कधी गप्प बसण्याहूनही वाईट घडते. आकडे रचलेच जातात. जपानमधील योशिहिरो सातो या डॉक्टरांनी अर्धांगवायू, कंपवात अशा आजारांतील वृद्ध रुग्णांची हाडे मोडणे औषधांनी कसे टळते, यावर अनेक चाचण्या प्रसिद्ध केल्या. औषधांचा गुण आश्चर्यकारक दिसत असे, आणि हाडे सांभाळण्याचा सल्ला देणाऱ्या इतर लेखांत त्या चाचण्यांचे आधार दिले जात. न्यूझीलंड आणि स्कॉटलंड येथील चार संशोधकांना शंका आली. त्यांनी सातो यांच्या ३३ चाचण्यांचे गणित तपासून २०१६ साली ते प्रसिद्ध केले. पुढे सातो यांचे डझनावारी लेख जर्नलांनी मागे घेतले.

शंका आली कशावरून? आकडे फार सुबक होते म्हणून! चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडले, तर त्यांचे सरासरी वय आणि वजन थोडेफार वेगळे येणारच. एक प्रयोग करून पाहा. नाणे शंभर वेळा उडवा आणि छापा किती वेळा पडला ते लिहा. ४६ येईल, ५३ येईल. दहा मित्रांनी हाच प्रयोग केला आणि प्रत्येकाने बरोबर ५० असेच लिहून आणले, तर तुम्ही काय समजाल? नाणे उडवलेच नाही, असेच ना? खऱ्या निरीक्षणांना थोडा खडबडीतपणा असतो. तो नसला की जाणकाराचे डोळे लगेच बारीक होतात. शेजारच्या टेबलावरचे ९.८० असेच सुबक होते.

जर्नलांचे नियम

अशा अनुभवांतून वैद्यकीय जर्नलांनी काही नियम केले आहेत. ते कायद्याच्या पुस्तकासारखे वाटतात, पण प्रत्येकाच्या मागे एखादी ठेच आहे.

पहिला नियम असा की माणसांवरची चाचणी सुरू करण्यापूर्वीच तिची जाहीर नोंद करायची. आपण काय मोजणार, किती रुग्णांत आणि किती काळ, हे आधीच लिहून ठेवले म्हणजे नको असलेले उत्तर मागाहून गिळून टाकता येत नाही. भारतात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ही नोंद बंधनकारक झाली.

दुसरा नियम रुग्णाचा. त्याला सर्व समजावून त्याची संमती घ्यायची आणि लेखात त्याची ओळख उघड करायची नाही. तिसरा नियम पैशाचा. सांधा बनवणाऱ्या कंपनीकडून लेखकाला मानधन मिळत असेल, तर तसे लेखातच सांगायचे. चौथा नियम नावांचा. ज्याने काम केले त्याचे नाव गाळायचे नाही आणि ज्याने केले नाही त्याचे घालायचे नाही. तेच संशोधन दोन ठिकाणी नवे म्हणून छापायचेही नाही, कारण मग एकच रुग्ण दोनदा मोजला जातो. आणि शेवटचा नियम : चूक आढळली तर ती त्याच जर्नलात कबूल करायची, गरज पडल्यास लेख मागे घ्यायचा.

हे सारे नियम परीक्षक आणि संपादक राबवतात. पण क्ष-किरणांचे चित्र हातात घेऊन 'वाटी झिजली आहे' हे पहिल्यांदा लिहिणारा माणूस एकटाच असतो. त्या क्षणी त्याच्यावर कुणाचाही पहारा नसतो. ती सवय आधीच लागलेली असावी लागते, आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेत लागते.

म्हणून एक विनंती विद्यार्थ्यांना आणि एक शिक्षकांना. विद्यार्थ्यांनो, निरीक्षण शाईने लिहा. चुकले असे वाटले तर एका रेघेने काटा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवे निरीक्षण लिहा. उत्तर ९.४ आले तर ९.४ लिहा आणि चूक कुठे आहे ते शोधा. सुटलेले दोन सेंटिमीटर ज्याला सापडतात, त्याला लंबक समजलेला असतो.

शिक्षकबंधू-भगिनींनो, उत्तराबरोबर निरीक्षणांनाही गुण ठेवा. त्या वर्षी मी दोन्ही मुलांना पुन्हा बोलावले आणि आधी माझी चूक त्यांना सांगितली. मग दोघांकडून दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजून प्रयोग करवून घेतला. एकाचे उत्तर ९.७६ आले, दुसऱ्याचे ९.८३. दोन्ही उत्तरे खडबडीत होती. दोन्हींखाली मी आनंदाने सही केली.